एका बाजूनं घासलेली सुरी

भामे, ये इकडं. अशी जवळ बस, पाटाला पाट लावून. दारात उभी राहून हसू नकोस, मला राग आलाय. इतक्या घाईनं कुणी जातं व्हय? मी या घरात नवरी होऊन आले तेव्हा तू परकर वर धरून उंबऱ्यावर बसलेली होतीस. नात्यानं नणंद, पण तुझं नाक मी पुसलंय, तुझ्या वेण्या मी घातल्यात. मग आधी कुणी जायचं होतं? आडावरसुद्धा तू रांग मोडून सगळ्यांच्या आधी घागर सोडायचीस. बाया ओरडायच्या, तू हसायचीस. तीच खोड शेवटपर्यंत ठेवलीस.

आता ऐक. मला कुणी शाळेत घातलं नाही. गिरणीच्या पाटीवरची आणि पोत्यांवरची अक्षरं जुळवत मी शिकले. 'वैनीचं लिवणं म्हंजी कोंबडीनं उकरल्यालं,' म्हणायचीस. असू दे. उकरते आहे.

तुझा तेरावा झाला. तुझ्या सासरचं, सास्तूरचं कुणी आलं नाही. आलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावला, 'लई गुणाची हुती' म्हणाल्या, जेवल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या दादांनी सुऱ्यांच्या दुकानाची साखळी काढली, आत गेले आणि तसेच बाहेर आले. कट्ट्यावर तू घासायला घेतलेली सुरी पडलेली होती. डावी बाजू आरशासारखी, उजवी भट्टीतून निघाली तशी काळी. मी विचारलं, ''पुरी करता का?''

''उजवी ऱ्हायली हाय,'' ते म्हणाले. ''ती माझ्यानं व्हायची न्हाय.'' आणि लिंबाखाली जाऊन बसले.

बघ, या एका गोष्टीवरून आपण किती भांडलो! पातं घासायच्या पळत्या पट्ट्याला लावताना प्रत्येकाची एक बाजू सोपी असते आणि एक अवघड. डाव्या बाजूला तुझा उजवा हात मुठीवर असायचा, ती बाजू लोण्यासारखी जायची. पातं उलटलं की मूठ डाव्या हातात, आणि टोकाकडं जाताना मनगट अडायचं. मी म्हणायची, अवघड आधी उरक, दम ताजा असतो तवर. तू म्हणायचीस, ''सोप्या बाजूनं हाताला धीर येतो वैनी. अवघड बाजू मग त्या धीरावर जाती.'' आता बघ कसं झालं. धीर डाव्या बाजूला चकाकतोय आणि अवघड तसंच राहिलंय. आधी अवघड केलं असतंस तर सोपं तुझ्या दादांनी कसंबसं ओढलं असतं. माझं ऐकायचं नाही म्हणजे नाहीच.

पट्टा यायच्या आधी आपल्याकडं धार लावायला कुरुंदाच्या दगडाचं चाक होतं. तुला आठवत असेल, पण मला सांगू दे, सांगितल्याशिवाय मला दुसरं काही करता येत नाही सध्या. चाकाच्या कण्याला चामड्याची वादी गुंडाळलेली आणि वादीची दोन टोकं माझ्या दोन हातांत. उजवा हात ओढला की चाक तुझ्या दादांच्या अंगावर फिरायचं, डावा ओढला की मागं. अंगावर आलं की त्यांनी पातं टेकवायचं, मागं गेलं की उचलायचं. टेक, उचल. टेक, उचल. वरून गाडग्यातलं पाणी ठिबकत असायचं आणि चाकाखाली राखाडी चिखल साचायचा. मी ओढताना ओवी म्हणायची. वादीला ओवी अशी बसायची की जणू तिच्यासाठीच केलीय. तुझे दादा जेवायला उठले की तू पटकन त्यांच्या जागी बसायचीस, मी ओढायची, तू पातं धरायचीस, आणि दोघी मिळून म्हणायचो. लग्नाआधीच तुझा हात बसला होता. तुझ्या आईला मात्र वाटायचं पोरगी स्वैपाक शिकतेय.

मग तुला सास्तूरला दिली. निजामाचं राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते, रस्त्यानं पुन्हा गाड्या सुरू झाल्या होत्या, लोक भीती विसरून लग्नं काढत होते. आणि पुढं काही वर्षांनी, नागपंचमीला तू आलीस.

पंचमीच्या दिवशी आपल्याकडं कुणी चिरत नाही, कापत नाही, विळीला हात लावत नाही. खंडेनवमीला आपण निदान हत्यारांच्या पूजेला दुकान उघडतो, पंचमीला मात्र दाराला साखळी. आपल्या साऱ्या उमरग्यातल्या सुऱ्या त्या दिवशी झोपलेल्या. लिंबाला झोका बांधलेला. तू झोक्यावर बसलीस, पण पाय जमिनीवरून उचललेच नाहीत. मी म्हटलं, ''काय गं, उंच घेऊ का?''

''वैनी,'' तू म्हणालीस, ''तितं दुसरी आणलीया. मी न्हाय जात आता.''

एवढंच बोललीस. रडलीसुद्धा नाहीस. मीच झोक्याची दोरी धरून रडत बसले, आणि तू माझी पाठ चोळत होतीस. नेमकं उलटं.

तुझे दादा वाईट नाहीत, पण जुन्या घडणीचे. 'लेक दिल्या घरी बरी' हे त्यांच्या तोंडात बसलेलं. थोडे दिवस राहू दे, दिवाळी झाली की पोचवतो, असं ते सास्तूरला निरोप देऊन मोकळे झाले. त्याच वर्षी त्यांनी हैदराबादेत कुठंतरी पट्टा बघितला होता. आपल्या भिंतीला गिरणीची भिंत लागून. गिरणीवाल्या काकांनी भिंतीला भोक पाडू दिलं, इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून आपल्याकडं जोड घेतला, आणि दोन लाकडी चाकांवर जाड कापडाचा पट्टा चढला. पट्ट्यावर चिकट सरस लावायचा, त्यावर कुरुंदाची भुकटी पसरायची, वाळवायचं. इंजिन सुरू झालं की तो पट्टा असा पळायचा की मी भिंतीला चिकटून उभी राहायची. ना थांबणं, ना मागं जाणं.

आणि तुझ्या दादांचा हात तर घणाचा. पट्ट्यावर दाबलं की पातं निळं पडायचं. निळं पडलं की गेलंच, भट्टीतून काढून पाणी पाजलेलं सगळं वाया, त्या सुरीला मग कितीही लावा, धार टिकत नाही. एकामागून एक सुऱ्या निळ्या करून ते पट्ट्यालाच शिव्या द्यायला लागले. तेव्हा तू पदर खोचून पुढं झालीस.

''दादा, मी लावून बघू? आन् हात बसला तर मला हितं ठिवशील का?''

त्यांनी हातातली निळी सुरी कोपऱ्यात टाकली. मग म्हणाले, ''बसू दे आधी.''

त्यांनी ते सहज म्हटलं, पण मी तुझं तोंड बघत होते. तुझं सारं आयुष्य त्या पळत्या पट्ट्यावर जाऊन बसलं.

आणि तुझ्यानं होईना! दाब हलका, कोन बरोबर, तापायच्या आत पातं बादलीत, पुसून परत पट्ट्यावर, सगळं नीट. पण पातं उन्हात तिरकं धरलं की लाटाच लाटा. आपले कासीमभाई खाटीक, ज्यांच्या सुऱ्या आपल्याशिवाय कुणाकडं जात नव्हत्या, त्यांनी पहिली सुरी हातात घेतली आणि दाढी खाजवली.

''भाभी, ये छुरी है की तालाब? लहरां तो देखो! इसमें मछली बी छोड दूं क्या?''

तू हसलीस आणि आत जाऊन चुलीपुढं बसलीस. मला तुझ्या पाठीवरून कळलं, हसणं कुठवर होतं ते.

ती लाट कुठून येते हे तुझ्या दादांना कळलं नाही, गिरणीवाल्या काकांना कळलं नाही. मला कळलं, कारण वादी मी ओढलेली. तुझा हात उचलत होता गं! पट्टा एकाच दिशेनं पळत होता, तरी तुझ्या हातात अजून माझी वादी होती. टेक, उचल. टेक, उचल. त्यात पट्ट्याची टोकं जोडलेला सांधा फिरून आला की टप्प व्हायचं, त्या टप्पला तू पुन्हा उचलायचीस. जिथं पातं परत टेकायचं तिथं खळगा. आणि वर तू ओवी म्हणत होतीस, अगदी हळू, ओठातल्या ओठात. ओवीच तुझा हात उचलत होती.

मी म्हटलं, ''भामे, गाणं बंद कर.''

''गाण्यानं काय हुतंय?''

''बंद कर म्हणते ना. आन् कोपरं बरगडीला लाव. हातानं न्हाय सरकायचं, कमरेनं सरकायचं. उखळात कांडताना नव्हं, झोक्यावर जाताना जशी जातीस तशी जा.''

पण कोपरं बरगडीला कुठं टिकतात? हात जुनाच. शेवटी मी खुंटीवरची जुनी वादी काढली आणि तुझी दोन्ही कोपरं बरगड्यांना बांधून टाकली. तुझे दादा आत आले, बघितलं आणि म्हणाले, ''चोर धरलाय व्हय गं?'' तू म्हणालीस, ''चोर न्हाय दादा, सासुरवाशीण हाय.'' मग आपण तिघंही जे हसलो! त्या दुकानात त्यानंतर तसं हसल्याचं मला आठवत नाही.

बांधलेल्या कोपरांनी तू उभी राहायचीस, पाय फाकवून, ओठ मिटून. मुठीपासून टोकापर्यंत एकच सरकणं, टोकापाशी मूठ जराशी वर, मग पातं बाजूला. सांधा टप्प म्हणायचा आणि तू जागची हलायची नाहीस. हळूहळू वादी सैल बांधली, मग काढली. लाट गेली. आणि ओवीही गेली. परत तू दुकानात कधी गायली नाहीस. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हे आता या वयात कुणाला विचारू?

दिवाळी सरली तसा तुझा थोरला दीर बैलगाडी घेऊन आला. फेटा कडक, आवाज त्याहून कडक. ''आमची सून द्या.'' तुझे दादा खाली मान घालून बसलेले. नेमके त्याच वेळी कासीमभाई आले. त्यांनी कट्ट्यावरची सुरी उचलली, उन्हात तिरकी केली, नखावरून फिरवली, पुन्हा तिरकी केली.

''लहरां कां गये?'' मग तुझ्या दादांकडं बघून म्हणाले, ''ये तुम्हारा हात नै. तुम्हारा हात पडा तो छुरी डरती. किसने लगाई?''

मी तुझ्याकडं बोट केलं.

''आन् हिला मी न्यायला आलोय,'' तुझा दीर म्हणाला.

''हौ? ले जाव,'' कासीमभाई शांतपणे म्हणाले. ''मगर ये पट्टा बी उखाडके गाडी में डालो. बाजू की गिरनी का इंजन बी डालो. नै तो मैं क्या हर हप्ते छुऱ्यां लेके सास्तूर आऊं?''

गिरणीवाले काका दारातूनच ओरडले, ''बैलाला झेपायचं न्हाय वो पाव्हणं!''

बाहेर उभी असलेली माणसं हसली. तुझा दीर हसला नाही. तुझे दादा मात्र उठले, सुरी कासीमभाईंच्या हातातून घेतली, उन्हात धरून बघितली, आणि म्हणाले, ''पाव्हणं, जेवून जावा. ती न्हाय येत.''

भामे, त्या दिवशी तुझी एकही भाकरी गोल झाली नाही. पट्ट्यावर मात्र परत कधी हात चुकला नाही.

मग वर्षं गेली. लांबून लांबून लोक यायचे, पलीकडच्या कानडी मुलखातले सुद्धा, 'पट्टेवाली बाई' विचारत. मला वाटायचं, आता काही नको. एवढं झालं, देवीनं दिलं. आणि तेवढ्यात तुला खोकला लागला.

चाकावर पाणी होतं, म्हणून चिखल व्हायचा. पट्ट्याला पाणी चालत नाही, पाण्यानं सरस सुटतो. मग जे काही झिजायचं ते सगळं धूळ होऊन वर यायचं. कुरुंद, लोखंड, वाळका सरस. दार उघडं ठेवलं तरी उन्हाच्या तिरीपीत ती धूळ नुसती उभी असायची. तुझ्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मी ओलं फडकं घेऊन मागं लागायची, ''नाकावर बांध, भामे.'' तू बांधायचीस आणि मी वळले की काढायचीस.

''फडकं बांधलं की वास येत न्हाय वैनी. सरसाचा वास बदलला की मला कळतं पातं तापलंय. नाक झाकून कसं लावू?''

''मग सुरी निळी पडू दे! तू जगशील का सुरी जगंल?''

''सुरी निळी पडली तर मला हितं कोण ठिवंल?''

अगं, किती वर्षं झाली होती त्या बैलगाडीला! तुला इथून कुणी हलवणार नव्हतं. घर तुझ्यावर उभं होतं. पण तुझ्या मनातून ती गाडी कधी हललीच नाही, आपल्या दारात बैल तसेच जुंपलेले. हे मला तुझ्या तोंडून त्या दिवशी कळलं, आणि मी काय बोलले? ''येड्यासारखं बोलू नकोस.'' एवढंच. हे घर तुझं आहे, तू सुरी लावलीस तरी आणि नुसती लिंबाखाली बसून राहिलीस तरी, असं म्हणायचं होतं. ते ओठावर आलं आणि तू खोकायला लागलीस. मी पाणी आणायला उठले. पाणी आणलं. बोलणं राहिलं.

सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि मला म्हणाले, दगडाची धूळ बसलीय, ती आता निघायची नाही. मी त्या फोटोकडं बघत होते. तुझी छाती, आणि तिच्यात ढगासारखं काहीतरी. ज्यानं तुला माझ्याजवळ ठेवलं होतं तेच ते, तिथं येऊन बसलेलं.

परत आल्यावरही तू ऐकलं नाहीस. थोडंसं, म्हणायचीस, एवढीच सुरी. ती शेवटची सुरी डावी बाजू करून तू ठेवलीस, भिंतीला टेकलीस आणि म्हणालीस, ''दम खाते जरा, मग उजवी.'' तिथनं जी अंथरुणाला खिळलीस, ती उठलीच नाहीस. शेवटच्या दिवसांत एकदा दुपारी तुझे ओठ हलत होते. मला वाटलं पाणी मागतेस. कान लावला तर ओवी. वादीवरची आपली ओवी. पहिली ओळ आली, दुसरी अर्धी आली, आणि दम संपला. पुढची अर्धी मी म्हटली. तू डोळ्यांनीच म्हणालीस, हं, बरोबर.

वादी ओढून ओढून माझा खांदा धरला होता, त्याबद्दल तू काय केलंस ते तुझ्या दादांनी मला तेराव्यानंतर सांगितलं. लिंबाखाली बसून, माझ्याकडं न बघता. मी इतकी वर्षं समजत होते की पट्टा ही त्यांची हौस. त्यांनी हैदराबादेत बघितला एवढंच, मागं लागलीस ती तू. पंचमीला आलीस त्याच आठवड्यात तू त्यांना गाठलंस. ''दादा, वैनीला आता वादी ओढवत न्हाय. तिला उजव्या हातानं बुचडा बांधता येईना, मी बगितलंय. काय तरी कर.'' मी तर कुणाला बोलले नव्हते. भिंतीला हात टेकून, मान वाकडी करून केस बांधायची. तू झोक्यावर बसून ते बघितलंस होय? स्वतःचं घर मोडून आलेली तू, आणि तुझी नजर माझ्या बुचड्यावर?

माझा खांदा आज बरा आहे, भामे. मी पाणी शेंदते, धुणं धुते, हात वर करून बुचडा बांधते. दर वेळी हात वर जातो आणि मला तुझा खोकला ऐकू येतो.

मी वादी ओढत राहिले असते. तुटला असता खांदा तर तुटला असता. चिखल झाला असता, धूळ झाली नसती. हे मी तुला कुठं सांगू? लोक म्हणतात तिचं तेवढंच होतं, विसरा. कासीमभाई परवा आले, दारात उभे राहिले, बंद पट्ट्याकडं बघितलं. सुऱ्या तशाच कापडात गुंडाळून घेऊन गेले. त्यांनी विसरा म्हटलं नाही, ते मला बरं वाटलं. पण ते गेल्यावर दुकान आणखीच ओसाड झालं. गिरणी चालू असते, भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज येतो, आणि इकडं काहीच फिरत नाही. मी पदर तोंडात घालून बसते.

मी एकदा तुझ्या जागी उभी राहिले, गिरणी बंद असताना. कोपरं बरगडीला लावली. सुरी हातात घेतली, उजवी बाजू पट्ट्याला टेकवली. पट्टा थांबलेला आणि तरी माझा हात उचलला. टेक, उचल. ज्या हातानं तुझी कोपरं बांधली, त्याच्यात अजून वादीच आहे. मी सुरी पुसली, तेलाचं बोट फिरवलं, कापडात गुंडाळून तुझ्या लुगड्याखाली ठेवली. ती कुणी पुरी करायची नाही. तसं मी तुझ्या दादांना बजावलंय. ते म्हणाले, ''ऱ्हाऊ दे.''

पंचमी जवळ आली, भामे. तुला कामाला बोलवत नाही, भिऊ नकोस. उजवी बाजू तशीच काळी राहू दे, तू तिच्याकडं बघूसुद्धा नकोस. त्या दिवशी दुकानाला साखळी असते, पट्टा उतरवलेला असतो, गिरणीवाले काकाही इंजिन लावत नाहीत. हवेत धुळीचा कण नसतो. लिंबाला झोका बांधून ठेवते. तू बस, पाय वर घे, आता मला दोरी ओढता येते. दुसरी ओळ आपण पुरी म्हणू. आणि संध्याकाळी तुला कुणी पोचवायला यायचं नाही, दारात गाडी नाही, बैल नाहीत.

ये गं. यंदाच्या पंचमीलाच ये.